आजोबांची दुनळी: झाडायची की नुसती जपायची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आजोबांची इंग्लिश बनावटीची बारा बोअर दुनळी बंदूक वारसाने तुमच्या परवान्यावर आली आहे. नळ्यांमधल्या पट्टीवर 'आर्मी अँड नेव्ही सी. एस. एल.' असं कोरलेलं आहे. सोबत चामड्याची पेटी आहे आणि जुन्या कागदी काडतुसांचा पट्टाही आहे. मामा म्हणतात, दसऱ्याला आणि शिमग्याला गावी नेऊन दोन-दोन बार काढायलाच हवेत, नाहीतर बंदूक मरते. शस्त्रविक्रेता म्हणतो, एकही बार काढू नका, किंमत जाईल. तुम्ही दादरला राहता आणि कोणाचं ऐकावं ते ठरत नाही.

बंदूक सुदृढ निघाली तर ती झाडावी, असं माझं स्पष्ट मत आहे. रेंजवर, योग्य काडतुसाने आणि थोडी. पण ती सुदृढ आहे की नाही हे आधी नळ्यांवरून ठरवायला हवं, म्हणून त्यावरच जास्त लिहितो.

आधी ती काय वस्तू आहे ते पाहू. आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी ही लंडनची, लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्यासाठी काढलेली संस्था. १८९१ मध्ये तिचं दुकान मुंबईत आलं. काळा घोड्याची आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग तुम्ही शंभरदा पाहिली असेल. 'सी. एस. एल.' म्हणजे को-ऑपरेटिव्ह सोसायटी लिमिटेड. १९३४ मध्ये संस्थेचं नाव आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स झालं, म्हणजे तुमची दुनळी त्याआधीची. ही मंडळी बहुतेक बंदुका इतरांकडून बनवून घेत आणि त्यावर स्वतःचं नाव घालत. काम नेटकं, नक्षी बेताची, आणि रोज वापरायची वस्तू म्हणून घडवलेली. दुर्मीळ म्हणावी अशी ती नाही, आणि म्हणूनच ती न झाडता जपून ठेवायचं खास कारणही नाही.

किमतीबद्दल विक्रेत्याचं म्हणणं मला पटत नाही. 'कधी न झाडलेली' या बिरुदाला पैसे देणारा संग्राहक परदेशात भेटतो. आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला परदेशी बंदूक आयात करणं १९८०च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे, म्हणून जुन्या इंग्लिश बंदुकांना इथे भाव आहे. पण ती घेणाराही परवानाधारकच असतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याच्या परवान्यावर दोनच शस्त्रं बसतात. त्यातली एक जागा तो चालत नसलेल्या बंदुकीवर कशाला घालवेल? तो नळ्या डोळ्यापुढे धरून बघणार, सांधे हलवून बघणार आणि चार बार काढून बघायचा आग्रह धरणार. किंमत उतरते ती वेगळ्याच गोष्टींनी. कोणीतरी नळ्या पॉलिश करून नवा काळा रंग चढवतो, पट्टीवरची अक्षरं घासून पुसट करतो, चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, लांब करून ठेवतो. माझ्या ओळखीतल्या एका घरची सुंदर दुनळी एका कारागिराने अशीच 'नवी' करून दिली. नक्षी गेली, ठसे गेले, आणि नळीची जाडी किती उरली हे मोजल्याशिवाय सांगता येईना. तुमच्या बंदुकीचा फिकट पडलेला रंग आहे तसाच राहू द्या.

आता नळ्या. बंदूक रिकामी आहे याची खात्री करून पुढचा लाकडी भाग, म्हणजे फोरएंड काढा आणि नळ्या वेगळ्या करा. त्या पालथ्या करून चेंबरच्या खालच्या सपाट भागावर भिंगाने पाहा. तिथे बारीक ठसे दिसतील. विलायतेत प्रत्येक नळी विकण्यापूर्वी सरकारमान्य प्रूफ हाउसमध्ये जादा दाबाचा बार काढून तपासावी लागते. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ चं, लंडनचं त्याहून बरंच जुनं. १९०४ नंतरच्या बर्मिंगहॅमच्या ठशांत मुकुटाखाली 'बी. पी.' आणि 'बी. व्ही.' असतं. धूरविरहित दारूची परीक्षा झाली असेल तर मुकुटाखाली 'एन. पी.' दिसतं. लंडनच्या 'एन. पी.'वर तलवार धरलेला हात असतो. नायट्रोचा, म्हणजे धूरविरहित दारूचा, कुठलाच ठसा नसेल तर चर्चा तिथेच संपली. ती नळी फक्त काळ्या दारूसाठी तपासलेली आहे, आणि आज बाजारात मिळणारं काडतूस तिच्यात घालायचं नाही.

नळ्यांवर पाण्याच्या लहरींसारखी तपकिरी नक्षी दिसत असेल तर त्या दमास्कसच्या, म्हणजे लोखंड आणि पोलाद पिळून जोडलेल्या पट्ट्यांच्या. नायट्रो प्रूफ झालेली दमास्कस नळीही असते, ती सरसकट वाईट नसते. पण शंभर वर्षं मुंबईच्या हवेत राहिलेल्या जोडांच्या आत काय झालं आहे हे वरून कळत नाही. मी स्वतः आपल्याकडची दमास्कस नळी झाडत नाही, आणि तुम्हीही झाडू नये असं सांगेन. तुमच्या बंदुकीच्या वयाकडे पाहता नळ्या बहुधा साध्या पोलादाच्या निघतील.

त्याच ठशांजवळ '१२' किंवा '१३/१' असा आकडा असेल. तो प्रूफच्या वेळचा बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास. १२ म्हणजे ०.७२९ इंच, १३/१ म्हणजे ०.७१९. चांगला गनस्मिथ, म्हणजे बंदुकांचा कारागीर, नळीच्या मागच्या टोकापासून नऊ इंचांवर बोअर गेज घालून मोजतो. ठशापेक्षा माप ०.०१० इंचाने किंवा जास्त वाढलेलं असेल तर आतला गंज काढताना कोणीतरी नळी खरवडली आहे आणि ते जुनं प्रूफ आता लागू नाही. भिंतीची जाडीही मोजून घ्या. पुढच्या भागात ०.०२० इंचाच्या खाली गेली असेल तर ती नळी भिंतीवर शोभेल.

सगळ्यात जास्त गफलत होते ती चेंबरच्या लांबीत. त्या काळच्या बहुतेक इंग्लिश बारा बोअरचं चेंबर अडीच इंची असतं, म्हणजे ज्याला आपण ६५ मिलिमीटरचं म्हणतो. आजचं सर्रास काडतूस पावणेतीन इंची, ७० मिलिमीटरचं. पाकिटावर लिहिलेली लांबी ही बार झाल्यावर तोंड उलगडलेल्या काडतुसाची असते. त्यामुळे ७० चं न झाडलेलं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये गुपचूप बसतं आणि बंदूक नीट मिटतेही. बार झाला की उलगडणारं तोंड पुढच्या निमुळत्या भागात शिरतं, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. एका बाराने नळी फाटेलच असं नाही, पण सांधे सैल पडतात आणि जुनं अक्रोडाचं लाकूड मागच्या बाजूला तडकतं. 'बसतंय की, चालतंय' हे वाक्य मी रेंजवर अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे. कृपा करून त्यावर विसंबू नका. चेंबर मोजून घ्या आणि पाकिटावरचा आकडा वाचूनच काडतूस घ्या. ६५ चं मिळेल तेवढंच वापरा, ३० ग्रॅमच्या वर भार नको, छर्रा बारीक. गोळीची आणि एलजीची, म्हणजे मोठ्या छऱ्यांची, काडतुसं या बंदुकीत नकोत.

गनस्मिथकडे जाण्याआधी दोन परीक्षा तुम्ही घरी करू शकता. सुट्या नळ्या खालच्या हुकाला दोरी बांधून लटकवा आणि पेन्सिलीच्या लाकडाने टकटक करा. घंटेसारखा स्वच्छ, रेंगाळणारा नाद आला तर पट्ट्या घट्ट आहेत. भुरभुर किंवा बद्द आवाज आला तर डाग, म्हणजे झाळलेला जोड, कुठेतरी सुटला आहे आणि फटीत पाणी जात असणार. दुसरी परीक्षा: फोरएंड न लावता बंदूक मिटून धरा आणि नळ्या डावी-उजवीकडे हलवून पाहा. खुटखुट जाणवली, किंवा नळ्यांच्या आणि मागच्या तोंडाच्या मधून उजेड दिसला, तर सांधा झिजला आहे. तो दुरुस्त होतो, पण होईपर्यंत बार नको.

एवढं सगळं पास झालं की झाडायची. का, तर मुंबईत बंदूक झाडल्याने जेवढी खराब होते त्याच्या अनेकपट कपाटात विसरल्याने होते. बार काढणारा माणूस त्याच संध्याकाळी नळ्या साफ करतो, तेल लावतो, आत डोकावतो आणि तांबेऱ्याचा पहिला ठिपका त्याला दिसतो. न झाडणारा 'आजोबांची आठवण' म्हणून पेटी बंद करतो, आणि पुढच्या वेळी ती परवान्याच्या नूतनीकरणाला उघडली जाते. परवाना आता पाच वर्षांचा असतो. पाच पावसाळ्यांत दादरची खारी हवा नळीच्या आत काय करते ते मी पाहिलं आहे. वस्तुसंग्रहालयातली शस्त्रं कोणी झाडत नाही हे खरं, पण तिथे निगा राखायला जाणकार माणसं नेमलेली असतात. घरी ते काम तुमचंच.

म्हणून काही गोष्टी आजच करा. बंदूक त्या चामड्याच्या पेटीत ठेवू नका. चामडं आणि आतलं बनातीचं अस्तर ओल धरून ठेवतं, आणि कमावण्यातली रसायनं पोलादाला खातात. पेटी वेगळी जपा, तिलाही किंमत आहे. बंदूक कुलपाच्या पोलादी कपाटात, सिलिका जेलसह, नळ्यांची तोंडं खाली करून उभी ठेवा, म्हणजे तेल मागे झिरपून लाकडाचं डोकं मऊ पडत नाही. काडतुसं दुसऱ्या कुलपात. पावसाळ्यात दर पंधरवड्याला एकदा बाहेर काढून पुसा. नळीला खोबरेल लावणारी घरं मी पाहिली आहेत. ते खवट होऊन चिकटून बसतं. बंदुकीचं पातळ तेल लावा, लाकडाला जवसाचं उकळलेलं तेल बोटावर दोन थेंब घेऊन चोळा.

बिनघोड्याची असेल तर ती बहुधा बॉक्सलॉक, म्हणजे १८७५ च्या अँसन-डीली पद्धतीची. तिच्यात बंदूक उघडताच आतले घोडे ताणले जातात. ताणलेली ठेवली तर कमान्या थकतात, आणि रिकाम्या चेंबरवर चाप ओढला तर जुनी स्ट्रायकर पिन तुटू शकते. त्यासाठी स्नॅप कॅप, म्हणजे आत स्प्रिंग असलेली खोटी काडतुसं, घालून चाप सोडावा.

खंडेनवमीची पूजा जरूर करा, माझ्याही घरी होते. फक्त हळद-कुंकू ओलं करून नळीवर बोट ओढू नका. फुलं आणि अक्षता ताटात वाहा, आणि हात लागले असतील तर त्याच रात्री तेलाच्या फडक्याने पुसून ठेवा. बोटांच्या घामाचे ठसे दिवाळीपर्यंत गंजून तसेच्या तसे उमटलेले मी पाहिले आहेत.

मामांना मात्र नम्रपणे नाही म्हणा. सणाला किंवा लग्नात हौसेने बार काढणं हा २०१९ पासून कायद्यात वेगळा नोंदवलेला गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय परवाना जाण्याची टांगती तलवार. शिकार तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बंदच. राहिली रेंज. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पण तिथे मुख्यतः रायफल आणि पिस्तूलवाले असतात. बारा बोअरला क्ले पिजनची, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्यांवर नेम धरायची, जागा लागते. सभासदांना विचारून तुमच्या बंदुकीला कुठे परवानगी आहे ते आधी पक्कं करा, आणि परवान्यावर लिहिलेली क्षेत्रमर्यादा तपासून मगच बंदूक घराबाहेर काढा.

पट्ट्यातली कागदी काडतुसं एकही झाडू नका. दमट हवेत कागद फुगतो, आतली दारू बिघडते, अर्धवट बार होतो आणि डाट, म्हणजे दारू आणि छर्रे यांच्यामधला बोळा, नळीत अडकून राहतो. त्यावर दुसरा बार काढला की नळी फुगते. परवान्यावरची काडतुसांची नोंद पाहा, ती त्यात बसत नसतील तर पोलीस ठाण्याशी बोलून रीतसर जमा करा. रिकामा पट्टा ठेवा.

शेवटी, मी कुठली बंदूक कधीच झाडणार नाही तेही सांगतो: ठासणीची किंवा चकमकीची मूळ अवस्थेतली जुनी बंदूक, मूळ पेटी-अवजारांसह जवळजवळ न वापरलेली जोडी, आणि एखाद्या ऐतिहासिक व्यक्तीची असल्याचे कागद असलेली. त्यांची किंमत त्या जशा आहेत त्यातच आहे. आणि 'जुनी आहे, परवाना लागत नाही' असं कोणी म्हणालं तर लक्षात ठेवा, शस्त्र कायद्यातली सूट दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशाच शस्त्राला आहे. चालू शकणाऱ्या ठासणीच्या बंदुकीला परवाना लागतोच.

नळ्यांच्या ठशांचे फोटो काढून ठेवा आणि गनस्मिथकडून तीन आकडे लिहून घ्या: चेंबरची लांबी, नऊ इंचांवरचा बोअर, भिंतीची किमान जाडी. ते कळवलेत तर कुठलं काडतूस घ्यायचं ते नेमकं सांगता येईल.