‘मी काय उंदीर आहे?’ : न्यूसन्सच्या मराठीविषयी

प्रश्न कोथरूडच्या एका सोसायटीच्या चिटणिसांचा आहे. त्यांच्या सूचनाफलकावर वर्षानुवर्षं इंग्रजीत एक ओळ होती : इतरांना न्यूसन्स होईल असं वागू नये. यंदाच्या सभेत फलक मराठीत करायचं ठरलं. त्यांनी कोश उघडला आणि ‘सभासदांनी उपद्रव करू नये’ असं लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा फलकासमोर उभे. हे आजोबा रोज गच्चीवर कबुतरांना ज्वारी टाकतात. म्हणाले, “उपद्रव? मी काय उंदीर आहे?” तर न्यूसन्सला नेमका मराठी शब्द कोणता, आणि बरोबर कोण, आजोबा की कोश, असं चिटणिसांनी विचारलं आहे.

आजोबा बरोबर आहेत. कोशही खोटा नाही. त्याने कोर्टातला न्यूसन्स दिला, तुम्हाला हवा होता जिन्यातला.

इंग्रजीत हा शब्द भलताच लवचीक आहे. लंडनमधल्या बाईची बस चुकली, ती म्हणते ‘व्हॉट अ न्यूसन्स’. किल्ली सापडत नाही, दुकान नेमकं आजच बंद, तरी तेच. यात कुणावर आरोप नाही, अर्धा सुस्कारा आहे. आपण तिथे ‘काय कटकट आहे!’ म्हणतो, फार झालं तर ‘वैताग आहे नुसता’. शेजारी पाना मागायला येतो आणि ‘सॉरी टु बी अ न्यूसन्स’ म्हणतो. तो स्वतःला न्यूसन्स म्हणवतो ते समोरच्याने ‘छे छे’ म्हणावं म्हणून. आपलं ‘जरा त्रास देतो हं’ हे तंतोतंत तेच. आणि पलीकडच्या टोकाला एखाद्या कारखान्याच्या धुराने सबंध वस्ती खोकत असेल, तर त्यालाही न्यूसन्सच. चुकलेल्या बसपासून कारखान्यापर्यंत एकच शब्द पुरतो.

मराठीत असा एक शब्द नाही आणि नसल्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. आपण बारीकसारीक न्यूसन्सची वर्गवारी चक्क आवाजावरून केली आहे. कटकट, किरकिर, पिरपिर, भुणभुण, कुरकुर, वटवट. ऐकायला एकाच माळेचे मणी, पण अदलाबदल करून बघा. भुणभुण कानाशी लागते, म्हणून क्रेडिट कार्ड खपवणाऱ्यांच्या फोनला ती शोभते. किरकिर तान्ह्या मुलाची, नाहीतर तापातून उठलेल्या माणसाची. पिरपिर जरा मोठ्या मुलाची, हट्टाची, आणि श्रावणातल्या पावसाचीही. कुरकुर करणारा काम करतो, पण नाराजीने. वटवटीला श्रोता लागतो, मग तो ऐकत असो वा नसो. कटकट मात्र कुणी न करताही होते. आधार कार्डावरचं नाव आणि पॅन कार्डावरचं नाव यांत एका अक्षराचा फरक निघाला, तर ती कटकट. म्हणूनच इंग्रज बाईच्या सुस्काऱ्याला हाच शब्द सगळ्यात जवळचा.

माणसाकडे वळलो की हत्यारं बदलतात. ‘डोक्याला ताप आहे तो’, ‘ब्याद गेली एकदाची’, ‘उच्छाद मांडलाय पोरांनी’, ‘वात आणला नुसता’. इथे एक गंमत दिसेल. इंग्रजीत माणूस न्यूसन्स असतो. आपण तो शब्द घेतला, पण क्रियापद आपलं जोडलं. आपल्याकडे माणूस न्यूसन्स करतो. ‘रात्रभर केवढा न्यूसन्स केला त्यांनी’. शिवाय ‘केवढा’ म्हणताना आपण त्याला बिनबोभाट पुल्लिंगी करून टाकलं. शब्द आत घेताना आपण त्याला मनातल्या मनात ‘त्रास’च्या खुंटीवर टांगला असणार, असा माझा कयास.

आता जरा मुळाकडे, कारण ते खरोखर पाहण्यासारखं आहे. न्यूसन्स इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून आणि त्याचा तेव्हाचा अर्थ होता इजा, नुकसान. त्यामागे लॅटिन नोकेरे, म्हणजे अपाय करणे. या नोकेरेचा संस्कृत सख्खा भाऊ म्हणजे नाशयति, नाश करतो. ही वरवरची ध्वनिसाम्याची जुळवाजुळव नाही. धातू एक आणि प्रयोजक रूप बनवण्याची रीतही एक. त्याच नश् पासून आपलं नासणं, नासाडी, नासका. सकाळी गॅसवर ठेवलेलं दूध नासलं, तर इंग्रज ‘व्हॉट अ न्यूसन्स’ म्हणेल आणि आपण ‘नासलं’ म्हणू. दोघांच्या तोंडी एकाच घराण्यातले शब्द, फक्त त्याचा दुधाबद्दलच्या वैतागाला चिकटला आणि आपला दुधालाच. यावरून दोन्हींचा अर्थ आज एक आहे असं कुणी म्हणू नये. हजारो वर्षांपूर्वी वेगळं निघालेलं कुटुंब आहे, आडनाव तेवढं ओळखू येतं.

म्हणजे विनाशाकडून निघालेला शब्द घसरत घसरत चुकलेल्या बसपर्यंत आला. हसू येईल, पण आपल्या ‘त्रास’नेही हेच केलं आहे. संस्कृतात त्रास म्हणजे भीती, थरकाप. सिंह दिसल्यावर हरणाला होतो तो त्रास. आज आपल्याला दातांचा त्रास होतो, पित्ताचा होतो, वरच्या मजल्यावरच्यांचा होतो. थरकाप गेला, कुरबुर राहिली. याउलट ‘छळ’ वर चढला. संस्कृतात छल म्हणजे कपट, मराठीत तो थेट जाच झाला. आणि पेठांतले जुने लोक पत्रात ‘आपणांस तसदी देत आहे’ लिहीत, ती तसदी फारसीवाटे आलेली अरबी. तिचा मूळ अर्थ डोकेदुखी! म्हणजे ‘तसदीबद्दल क्षमस्व’ लिहिणारा आजोबांच्या पिढीचा माणूस, नकळत का होईना, ‘तुमचं डोकं दुखवल्याबद्दल माफी’ मागत होता.

इंग्रजीत बोलण्यातला न्यूसन्स हलका झाला, पण कोर्टाने त्याचं जुनं वजन सांभाळून ठेवलं. तिथे कटकट चालत नाही, इजा, धोका, अडथळा किंवा लोकांना होणारा उपसर्ग दाखवावा लागतो. भारतीय दंड संहितेत १८६० पासून सार्वजनिक न्यूसन्सची व्याख्या कलम २६८ मध्ये होती, आता भारतीय न्याय संहितेत ती कलम २७० मध्ये आहे. मराठीत त्याला सार्वजनिक उपद्रव म्हणतात आणि तिथे तो शब्द फिट्ट बसतो. दुसरी खास शिक्षा सांगितलेली नसेल तर दंड पूर्वी २०० रुपयांपर्यंत होता, आता १,००० रुपयांपर्यंत. त्या व्याख्येतलं शेवटचं वाक्य तर प्रत्येक मंडळाच्या मांडवात लावावं असं आहे. आशय असा, की एखाद्या गोष्टीने काहींची सोय किंवा फायदा होतो, एवढ्यावरून उपद्रव क्षम्य ठरत नाही.

खासगी न्यूसन्सचा, म्हणजे सबंध वस्तीला नव्हे तर एका शेजाऱ्याला होणाऱ्या त्रासाचा, एक खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना हमखास शिकवतात, १८७९ चा, स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन. लंडनच्या विगमोर स्ट्रीटवर एक मिठाईवाला. वीस वर्षांहून जास्त काळ त्याचे मोठाले खल कुटत होते, कुणाची फारशी तक्रार नव्हती. मागच्या बाजूच्या डॉक्टरने आपल्या बागेच्या टोकाला, नेमकं त्या भिंतीला लागून, तपासणीची खोली बांधली. आता छातीचे ठोके ऐकायचे की खलबत्त्याचे? डॉक्टर कोर्टात गेला आणि जिंकला. न्यायमूर्तींनी तेव्हा म्हटलं ते असं, की बेलग्रेव्ह स्क्वेअरमध्ये जो न्यूसन्स ठरेल तो बर्मंडसीत ठरेलच असं नाही. पहिली श्रीमंतांची वस्ती, दुसरी कातडी कमावणाऱ्यांची. पुण्यात हे निराळं समजावून सांगायला नको. गणपतीच्या आधी मुठेच्या काठी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो तो सराव असतो, तोच ढोल तुमच्या पार्किंगमध्ये वाजला की न्यूसन्स.

हा खटला वाचला तेव्हा मला आमची गिरणी आठवली. नारायण पेठेतल्या आमच्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर पिठाची गिरणी होती. सकाळी नऊला पट्टा चढला की आमच्या फडताळातल्या स्टीलच्या डब्यांची झाकणं बारीक थरथरायला लागत. चहाच्या डब्याचं आधी, मग साखरेच्या. आई त्यावर वेळ ओळखायची. ‘झाकणं वाजली, ऊठ आता.’ तीस वर्षं कुणाला हा न्यूसन्स वाटला नाही. मग वरच्या खोलीत एक मुलगा भाड्याने आला. त्याचं काम अमेरिकेच्या वेळेने, झोप दिवसा. पंधरा दिवसांत त्याचा इंग्रजीत टाइप केलेला अर्ज आला, त्यात न्यूसन्स तीनदा. गिरणीवाल्या काकांनी तो मला वाचायला दिला. “यातलं न्यूसन्स म्हणजे काय रे?” मी म्हटलं, “त्रास.” काका म्हणाले, “मग जिना उतरून ‘त्रास होतो’ एवढंच सांगायचं होतं ना त्याने.” दुसऱ्या दिवसापासून गिरणी दुपारी तीनला सुरू व्हायला लागली. आईचं घड्याळ मात्र बंद पडलं आणि त्याबद्दल ती त्या मुलाला बरीच वर्षं नावं ठेवत होती.

आता उपद्रव. मराठीत तो सहसा रानडुकरांचा, माकडांचा, हुमणीचा, घुशींचा. संस्कृतात शेतीवरच्या संकटांना ईति म्हणत आणि त्यांच्या यादीत अतिवृष्टी, अनावृष्टी, टोळ, पोपट यांच्याबरोबर उंदीर आहेतच. तेव्हा आजोबांचा संताप अगदीच निराधार नाही. आयुर्वेदात मूळ रोगाच्या मागोमाग उद्भवणाऱ्या दुसऱ्या दुखण्याला उपद्रव म्हणतात, तेही आजोबांना आवडलं नसतं. उलट रूप मात्र आपण माणसांना बिनदिक्कत लावतो. ‘निरुपद्रवी माणूस आहे बिचारा’. यात कौतुक कमी आणि कीव जास्त. इंग्रजीत या ‘निरुपद्रवी’ला जो शब्द आहे, इनॉक्युअस, तोही त्याच नोकेरेला नकार जोडून झालेला. आणि निष्पाप या अर्थाचा इनोसंटसुद्धा.

वर्तमानपत्रांनी यातून ‘उपद्रवमूल्य’ काढलं ते न्यूसन्स व्हॅल्यूवरून. मी सहसा अशा शब्दशः भाषांतरांवर नाक मुरडतो, पण हा शब्द मूळ शब्दापेक्षा सरस उतरला आहे. ज्याला निवडून यायचं नाही, पण पाडायचं कुणाला ते पक्कं ठाऊक आहे, त्या उमेदवाराचं उपद्रवमूल्य. ‘मूल्य’ शब्दातच कुठेतरी पाकीट ऐकू येतं. नागपूर महापालिकेचं तर उपद्रव शोध पथकच आहे. नाव ऐकून वाटतं हे लोक टॉर्च घेऊन उपद्रव हुडकत फिरतात. ते उघड्यावर कचरा टाकणाऱ्यांना दंड करतात.

एक जागा अशी आहे जिथे उपद्रव, त्रास, कटकट सगळे फसतात. ‘कमिट नो न्यूसन्स’. कॅम्पातल्या एका दगडी कुंपणावर ही अक्षरं मी लहानपणी पाहिली आहेत. त्याचा अर्थ एवढाच, की इथे लघवी करू नका. साहेबाला ते उघड लिहिणं जड गेलं असणार. तिथे ‘उपद्रव करू नये’ लिहिलं तर कुणाला कळणार नाही आणि भिंत ओलीच राहील. पण आपल्याकडेही पडदा आहेच, ‘येथे घाण करू नये’. तेच आडून बोलणं, फक्त सगळ्यांना समजणारं.

चिटणीस, आता तुमचा फलक. अडचण शब्दात कमी आहे, विभक्तीत जास्त. उपद्रव म्हटलं की ‘कुणाचा’ हा प्रश्न आधी येतो, बोट करणाऱ्याकडे जातं. त्रास म्हटलं की ‘कुणाला’ आधी येतो. सभासद वाचणार असतील तर दुसरं बरं. आणि एकाच शब्दात सगळं कोंबू नका, काय करायचं नाही ते लिहा. मी असं लिहीन :

‘रात्री १० ते सकाळी ६ ढोल, ड्रिल व मोठ्याने गाणी बंद. शेजाऱ्यांना त्रास होतो. जिन्यात चपलांचे कपाट ठेवू नये. गच्चीवर दाणे टाकू नयेत. कबुतरांचा उपद्रव वाढला आहे.’

कोशातला तुमचा शब्द राहिला आणि तो कबुतरांच्या गळ्यात पडला. आजोबा अजून भांडायला आले, तर ते दाण्यांवरून येतील. त्यावर माझ्याकडे शब्द नाही.