प्रार्थना करवत नसताना देव विश्वासू आहे यावर भरवसा कसा ठेवावा?

ताई, आपला प्रश्न मी दोनदा वाचला. गेल्या दीड वर्षात आईचे निधन झाले, पाठोपाठ यजमानांची कारखान्यातील नोकरी गेली, मुलाच्या फीचे हप्ते थकले, रात्रीची झोप उडाली, आणि आता गुडघे टेकले तरी तोंडातून शब्द निघत नाही, असे आपण लिहिले आहे. एका सभेत तर आपल्याला सांगण्यात आले की घरात कोणाचा तरी विश्वास कमी पडतो आहे, म्हणून आशीर्वाद अडला आहे. अशा वेळी देवाच्या विश्वासूपणावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमके काय करायचे, आणि मनात काहीच नसताना रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जाणे हे ढोंग नाही का, असे आपण विचारता. मी पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, नाही. सांगलीच्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेला, मंडळीतच लहानाचा मोठा झालेला माणूस आहे, आणि आपण आज जिथे आहात तिथे मीही जवळजवळ वर्षभर होतो, एवढ्याच अधिकाराने लिहीत आहे.

सभेतले ते वाक्य आधी मनातून काढून टाका. बायबलमधील ईयोब या निर्दोष माणसावर संकटे कोसळली तेव्हा त्याचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री एक शब्दही न बोलता जमिनीवर बसून राहिले, आणि त्यांच्या हातून घडलेली चांगली गोष्ट तेवढीच. पुढे तोंड उघडून ते त्याच्या पापाचा शोध घेऊ लागले, आणि शेवटी परमेश्वराचा कोप झाला तो त्यांच्यावर. ज्या ईयोबाने देवालाच उघड जाब विचारला होता, तो मात्र माझ्याविषयी योग्य ते बोलला, असे देवाने म्हटले. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे, असे विचारले तेव्हाही प्रभू येशूने दोन्ही गोष्टी नाकारल्या. दुःखी माणसाच्या घरी जाऊन पापाचा हिशेब मांडण्याची मुभा पवित्र शास्त्राने कोणालाही दिलेली नाही.

आता माझ्याविषयी. 2016 मध्ये माझ्या पत्नीची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. आठवड्यातून तीन वेळा आम्ही मिरजेला डायलिसिससाठी जात असू. चार तास ती यंत्राला जोडलेली असे आणि मी बाहेरच्या बाकावर वह्या तपासत बसत असे. या आजारात सर्वांत मोठा जाच तहानेचा असतो, कारण शरीरातील पाणी बाहेर पडत नाही आणि म्हणून ते मोजूनच प्यावे लागते. आमच्या घरी एक लहान स्टीलचे फुलपात्र होते. त्यात निम्म्यापर्यंत पाणी ओतायचे, गोळ्या घ्यायच्या, आणि पुन्हा पाणी केव्हा ते घड्याळाकडे पाहून ठरवायचे. एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा सांगलीत दुपारी माठाजवळून हलू नये असे वाटते, तेव्हा ती ते अर्धे फुलपात्र दोन्ही हातांत धरून डोळे मिटून आभार मानत असे आणि मग घोट घेत असे. मी ते पाहत असे आणि मला राग येत असे. तिचा नव्हे, ज्याचे आभार ती मानत होती त्याचा.

जानेवारी 2019 मध्ये ती गेली. त्यानंतर माझी प्रार्थना बंद पडली. मी बंद केली असे नव्हे, विहिरीचे पाणी उन्हाळ्यात जसे तळाला जाते तशी ती आटली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या माणसाला पुराची भाषा वेगळी शिकवावी लागत नाही. आयर्विन पुलाजवळ किती फूट झाले, एवढेच तो विचारतो. 40 फूट म्हणजे इशारा, 45 फूट म्हणजे धोका. त्या वेळी पाणी 57 फुटांच्याही वर गेले आणि गावभागातील आमच्या घरात पुरुषभर पाणी उभे राहिले. जिला घोटघोट मोजून पाणी द्यावे लागत होते, तिच्याच स्वयंपाकघरात छातीच्या वर पाणी, हा विचार त्या दिवसांत माझ्या डोक्यातून जात नव्हता. देव विश्वासू आहे, असे कोणी म्हटले असते तर मी उठून निघून गेलो असतो.

पाणी ओसरल्यावर राहिला तो गाळ. ज्यांनी पूर पाहिलेला नाही त्यांना वाटते की पाणी उतरले म्हणजे संकट संपले, पण खरे काम गाळाचे असते. तो भांड्यांच्या काठांत, कपाटाच्या खणांत, विजेच्या बटणांत शिरतो आणि वाळला की निघता निघत नाही. आमच्या मंडळीच्या तरुण संघाची मुले खोरी आणि घमेली घेऊन आली, त्यांच्याबरोबर शेजारच्या गल्लीतल्या गणेश मंडळाची आणि पलीकडच्या मोहल्ल्यातली मुलेही आली, आणि चार दिवसांत त्यांनी घर खरवडून धुऊन दिले. मी एका खुर्चीवर बसून होतो. पाचव्या दिवशी रविवार होता. मंडळीतल्या एक वृद्ध आजी दारात आल्या आणि म्हणाल्या, “सर, उपासनेला चला.” मी त्यांना खरे तेच सांगितले, की मला गाता येणार नाही आणि प्रार्थनाही म्हणता येणार नाही. त्या म्हणाल्या, “तुम्हाला कोण म्हणायला सांगतंय? आम्ही म्हणतो, तुम्ही नुसतं बसा.”

मी गेलो आणि नुसता बसलो. गीत सुरू झाले तेव्हा आजींनी पुस्तक उघडून माझ्या हातात दिले नाही, ते स्वतःच्याच हातात धरून माझ्याकडे थोडे कलते केले. असे कित्येक रविवार गेले. आपण ढोंगाविषयी विचारले म्हणून हे सविस्तर सांगितले. ज्याला गाता येत नाही तो गाणाऱ्यांच्या मध्ये बसला, तर ते ढोंग नव्हे; ढोंग तेव्हा झाले असते, जेव्हा मी आनंदी चेहरा करून देवाच्या उपकारांची साक्ष दिली असती.

पुष्कळ महिन्यांनी एका बायबल अभ्यासात पाळकांनी एक गोष्ट दाखवली आणि त्या दिवसांचा अर्थ मला तेव्हा लागला. बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात इस्राएल लोकांची अमालेकी लोकांशी लढाई चालू असताना त्यांचा पुढारी मोशे टेकडीवर हात वर करून उभा आहे. हात जड होतात. मग त्याच्या खाली दगड ठेवला जातो, तो बसतो, आणि एका बाजूने अहरोन व दुसऱ्या बाजूने हूर त्याचे हात धरून ठेवतात. असे ते हात सूर्य मावळेपर्यंत स्थिर राहिले. तिथे ‘स्थिर’ या अर्थाने मूळ इब्री (हिब्रू) भाषेत जो शब्द आहे तो ‘एमुना’, आणि बायबलमधील विलापगीत या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात देवाचा विश्वासूपणा थोर आहे असे म्हटले आहे तिथेही हाच शब्द आहे. म्हणजे हा शब्द मुळात भावनेचा नाही. न हलणे, न डगमगणे, धरून राहणे, असा त्याचा अर्थ आहे. मोशेच्या हातांत स्वतःचे बळ उरले नव्हते, तरीही ते स्थिर होते, कारण ते दुसऱ्यांनी धरले होते. माझे हात देवाने धरले नव्हते असे मी म्हणत होतो; ते त्या आजींच्या आणि गाळ काढणाऱ्या मुलांच्या हातांनी धरलेले होते, आणि त्यांतील निम्म्या मुलांना तर आपण कोणाचे काम करत आहोत हेही ठाऊक नव्हते.

मराठी शिकवणारा माणूस असल्याने आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या भाषेत विश्वास ‘बसतो’ आणि विश्वास ‘ठेवतात’. बसणे आपल्या हाती नसते. बसला तर बसला. ठेवणे वेगळे आहे. आपण पतपेढीत ठेव ठेवतो तेव्हा ती आपल्या खिशातून जाते आणि तिची राखण करण्याची जबाबदारी ठेवून घेणाऱ्याची होते. प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात नेमके हेच आहे: माझी ठेव राखायला तो समर्थ आहे. माझी पकड घट्ट आहे, असे पौल म्हणत नाही. त्याच पत्रात पुढे, आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो, असेही आहे. म्हणून ताई, रोज सकाळी उठून आपला विश्वास आज किती फूट आहे, हे पुलावरची पट्टी पाहावी तसे पाहू नका. ती पातळी उतरली म्हणून देवाचे काही उतरत नाही.

विलापगीताविषयी थोडे, कारण त्यातले ते वचन आपल्या घरांतून कॅलेंडरवर टांगलेले असते आणि त्याच्या आधीचे कोणी वाचत नाही. इ. स. पू. 586 च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेम जाळले, मंदिर पाडले, लोकांना धरून नेले. त्या राखेत हे पुस्तक लिहिलेले आहे. देवाची करुणा दर सकाळी नवी होते, असे म्हणण्याआधी तोच माणूस त्याच अध्यायात म्हणतो की देव माझी प्रार्थना आत येऊ देत नाही, अस्वलासारखा दबा धरून बसला आहे, त्याने खड्यांनी माझे दात पाडले. हे सर्व शास्त्रात राहू दिले आहे. पुस्तकाचा शेवटही आशेच्या वचनावर नाही. तू आम्हाला अगदीच टाकले आहेस काय, अशा अर्थाच्या वाक्यावर ते थांबते. आपल्या मराठीत संपूर्ण शास्त्र मूळ इब्री आणि ग्रीकवरून आणण्याचे काम पंडिता रमाबाईंनी केले. दुष्काळाच्या दिवसांत त्यांचे आईवडील गेले, 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती गेले, आणि 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. पुढच्याच वर्षी, 5 एप्रिल 1922 रोजी, त्या स्वतः गेल्या. ज्या बाईने इतकी माणसे पोचवली, तिच्या हातून विलापगीताचा एकेक शब्द मराठीत उतरला आहे, हे मला फार मोलाचे वाटते. तो शब्द सुखवस्तू माणसाने लिहिलेला नाही.

म्हणून देवाजवळ तक्रार करा, मोठ्याने करा. ज्याच्यावरचा भरवसा पूर्ण संपला आहे त्याच्याशी माणूस भांडत नाही, त्याच्याकडे पाठ फिरवतो. आपण अजून देवालाच विचारत आहात.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. झोप महिनोन्महिने लागत नसेल तर डॉक्टरांना दाखवा; एलीया हा संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही, भाकर आणि पाणी दिले व पुन्हा झोपू दिले. आणि हप्त्यांची अडचण पाळकांच्या किंवा मंडळीतल्या एखाद्या ज्येष्ठ पदाधिकाऱ्याच्या कानावर स्पष्ट शब्दांत घाला. आपल्याकडे ‘प्रार्थनेत आठवण ठेवा’ एवढेच म्हणून माणसे घरी जातात आणि शेजारी बसलेल्यालाही कळत नाही की यांच्या घरी या महिन्याचा किराणा भरलेला नाही. हात धरायला माणसे येतात, पण हात जड झाले आहेत हे त्यांना दिसावे लागते.

या रविवारी जा. काही म्हणू नका, शेवटच्या बाकावर बसलात तरी चालेल. आणि आज रात्री शब्द सुचत नसतील तर बायबलच्या स्तोत्रसंहितेतील तेरावे स्तोत्र उघडा. त्यात सहाच वचने आहेत, आणि पहिल्या दोनच वचनांत दाविदाने देवाला चार वेळा विचारले आहे, कोठवर? तेवढे दोनच वाचून दिवा मालवलात तरी ती प्रार्थना झाली.