उतारवयातले आत्मचित्र : आरसा, चष्मा आणि पावसाळा

प्रश्न : सत्तरी ओलांडली. तैलरंगात आत्मचित्र करतोय. चेहरा पिठूळ दिसतो, सुरकुत्या चिकटवल्यासारख्या वाटतात. आरशावरून नजर कॅनव्हासवर आणली की सगळे धूसर. काय करावे?
— निवृत्त कलाशिक्षक, फोंडा

उत्तर : आधी चष्मा. आरसा ७५ सेंमीवर असेल तर प्रतिबिंब दीड मीटरवर दिसते. कॅनव्हास मात्र ६० सेंमीवर. बायफोकलमधून दोन्ही पाहायला हनुवटी वर-खाली होते आणि चित्रातली मान दर बैठकीला बदलते. आरसा ४० सेंमीवर ओढा म्हणजे प्रतिबिंब ८० सेंमीवर येईल. कॅनव्हासचे अंतर मोजून तेवढ्यापुरता एका नंबरचा चष्मा करून घ्या. आरसा किंचित अस्पष्ट दिसेल, पण ते फायद्याचेच. बारीक रेघा गळून चेहऱ्याचे मोठे भाग उरतात.

पिठूळपणा बहुधा टिटॅनियम व्हाइट या पांढऱ्या रंगाचा. यलो ऑकर (पिवळट मातकट), लाइट रेड (विटकरी), रॉ अंबर (तपकिरी) आणि आयव्हरी ब्लॅक (काळा) एवढ्या रंगांवर आधी मधला टोन, म्हणजे ना उजळ ना गडद अशी छटा, बसवा. पांढरा कपाळ, गालाचे हाड, नाकाचा शेंडा यांसाठी राखून ठेवा. सावलीत रंग पातळ, उजेडात जाड. सुरकुतीला एक उजेडाची बाजू असते आणि एक सावलीची. दोन्ही लावा, काळी रेघ ओढू नका.

डच चित्रकार रेम्ब्रांटचे १६६९ मधले, वयाच्या ६३ व्या वर्षीचे आत्मचित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. क्ष-किरणांत दिसते की आधी हातात कुंचला होता. मग तो काढून त्याने हात एकमेकांत गुंतवले. तुम्हीही हातांवर आठवडे घालवू नका.

प्रश्न : जुलैत रंग सुकत नाही, कॅनव्हासच्या पाठीवर बुरशी येते. रंगात लवंगेचे तेल घालू का?
— म्हापसा

उत्तर : मुळीच नको, त्याने सुकणे आणखी लांबते. तैलरंगातले जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. दमट, कोंदट खोलीत ते रेंगाळते. अंबर लवकर सुकतो, आयव्हरी ब्लॅक फार उशिरा. म्हणून काळ्याच्या जाड थरावर अंबरचा पातळ हात दिला की पुढे तडे जातात. बुरशी कोरड्या मऊ ब्रशने, तोंडाला मास्क लावून, घराबाहेर झाडा. ओले फडके नको. पावसाचा मारा खाणाऱ्या चिऱ्याच्या भिंतीवर चित्र टांगू नका. आतल्या भिंतीवरही खालच्या कोपऱ्यांमागे सेंटिमीटरभर जाडीचे बुचाचे तुकडे लावा, मागून हवा खेळते. शेवटचे वॉर्निश सहा महिने ते वर्षभराने, कोरड्या दिवसांत.

प्रश्न : गोव्यात चांगली व्यक्तिचित्रे कुठे पाहता येतील?
— मडगाव

उत्तर : पणजीत, फोंताइन्हासमधल्या फुंदासाँव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेत. सांगे येथे जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षक असलेले चित्रकार आंतोनियो झेवियर त्रिनदाद (१८७०–१९३५) यांचा संग्रह तिथे आहे. आधी फोन करून वेळ विचारा, आणि चित्र एकदा तिरकस उजेडातही पाहा, रंगाची जाडी तेव्हाच कळते.