गोकाकची गिरणी आणि गोकाकची फळे

प्रश्न : आजीच्या पेटीतली गोकाकची लाकडी फळे आम्ही आजही गौरीच्या आराशीत मांडतो. गोकाकची गिरणी १८८७ साली विजेवर सुरू झाली, असे ऐकतो. ते खरे का? धबधबा सोडला तर या गावाची ओळख कोणती?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : साल बरोबर आहे, विजेबद्दल मात्र थोडा खुलासा हवा. कर्नाटकच्या बेळगाव जिल्ह्यातल्या या गावापासून सुमारे सहा किलोमीटरांवर घटप्रभा नदी घोड्याच्या नालासारख्या कड्यावरून जवळजवळ ५२ मीटर खाली कोसळते. या पाण्याच्या बळावर सूत काढण्यासाठी १८८५ साली कंपनी स्थापन झाली आणि दोन वर्षांनी गिरणी चालू झाली. आरंभी दरीच्या तळाशी टर्बाइने, म्हणजे पाण्याच्या जोराने फिरणारी चाके, फिरत आणि त्यांची गती जाड दोरांवरून कड्यावरच्या गिरणीत पोहोचवली जाई, म्हणजे तिथल्या सूत कातायच्या चात्या थेट नदीच फिरवत होती. विजेवर चालल्याच्या मानापेक्षा मला ही दोरांची करामत अधिक मोलाची वाटते.

गाव मात्र गिरणीहून पुष्कळ जुने आहे. धबधब्याच्या काठावर चालुक्यकालीन महालिंगेश्वराचे देऊळ उभे आहे. पटवर्धन सरदारांकडचे गोकाक १८३६ साली इंग्रजांच्या ताब्यात गेले, त्या काळी विणकाम आणि रंगकाम हे इथले मोठे धंदे होते. ते पुढे ओसरले. जीनगर समाजाच्या कारागिरांची खेळणी मात्र टिकली. हलक्या लाकडाची केळी, आंबे, वांगी ते अशी घडवतात आणि रंगवतात, की ताटातले फळ उचलून हातात घेतल्यावर, ते अगदीच हलके लागले म्हणजे, ते लाकडाचे असल्याचे कळते. आपल्या सीमाभागातल्या कितीतरी मराठी घरांत गौरीपुढचे ताट या कानडी गावाने भरले आहे, आणि त्या कारागिरांचे ऋण आपण क्वचितच बोलून दाखवतो. डिंक, गूळ आणि सुक्या मेव्याचा ‘करदंट’ही तिथलाच, कन्नडमध्ये ‘करिद अंटु’ म्हणजे तळलेला डिंक.

एक विनंती. आजीची फळे पाण्याने धुऊ नका, रंग सुटतो. मऊ, कोरड्या फडक्याने हलके पुसा आणि ओल लागणार नाही अशा जागी, सुती कापडात एकेक वेगळे गुंडाळून ठेवा.