वादळाचा माग काढणाऱ्या मुलीने बारावीला गणित ठेवावं का?

नान्नजच्या एका द्राक्ष बागायतदार वडिलांचं पत्र आहे: "मुलगी सोलापुरात अकरावी सायन्सला आहे, गणित आणि बायोलॉजी दोन्ही घेऊन. ऑक्टोबरात कॉलेजात अवकाश सप्ताह झाला, त्यात तिने उपग्रहांवर भाषण करून बक्षीस मिळवलं. त्याच आठवड्यात बंगालच्या उपसागरात कमी दाब तयार झाला, तर रात्र रात्र मोबाइलवर ढगांचे फोटो बघून वही भरली. 'परवा आपल्याकडे जोराचा पाऊस येतोय' म्हणाली. बाग पोंग्यात होती, म्हणजे नुकते कोंब फुटत होते, डाऊनी रोगाच्या भीतीने मी जादा फवारणी घेतली. पाऊस गेला बिदरकडे. तेव्हापासून तिने वही उघडलेली नाही. पाहुणे म्हणतात, गणित सोडा, बायो ठेवा, फार्मसीला घाला. इस्रो काय आणि वादळं काय, यात पोटापाण्याचं काही आहे का? वहीच्या पानांचे फोटो पाठवतोय."

नमस्कार. पोटापाण्याचं आहे, ते पुढे सांगते. पण आधी वही.

तिसऱ्या पानावर तिने नकाशा काढून अक्षांश-रेखांशाच्या रेघा मारल्या आहेत. त्यावर पेन्सिलीचे दोन ठिपके आहेत. एक दाट पांढऱ्या ढगाच्या मधोमध, तो तिचा. दुसरा त्याच्या पूर्वेला, जवळपास दीड अंशावर, ढग विरळ आहेत तिथे; तो हवामान विभागाच्या बुलेटिनमधला. दोन्ही ठिपके रेघेने जोडून तिने बाजूला भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलंय. पुढचा मार्ग मात्र स्वतःच्या ठिपक्यापासून मोजला, आणि तिथेच तिचा अंदाज सोलापूरवर आला.

दादा, ही चूक हुशार मुलीची आहे. जोरदार चक्रीवादळाला डोळा असतो, त्याचं केंद्र कुणालाही बोटाने दाखवता येतं. कमजोर प्रणालीचं, म्हणजे वादळ न झालेल्या कमी दाबाचं, तसं नसतं. वरच्या थरातला वारा पूर्वेकडून जोरात वाहत असेल तर तो ढगांचा पसारा पश्चिमेला ढकलतो आणि खालचं भोवऱ्याचं केंद्र मागे उघडं पडतं. रात्रीच्या इन्फ्रारेड (उष्णता टिपणाऱ्या) चित्रात ढगांचे फक्त माथे दिसतात, खाली वारा कुठे गोल फिरतोय ते दिसत नाही. म्हणून समुद्राच्या पृष्ठभागावरचा वारा मोजणारा स्कॅटरोमीटर लागतो. आपल्या ओशनसॅट-३ उपग्रहावर तो आहे. केंद्र शे-दीडशे किलोमीटरने चुकलं की पुढचा सगळा मार्ग सरकतो. संगणकाच्या मॉडेललाही हाच त्रास होतो. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ ड्वोरॅक यांनी १९७० च्या दशकात उपग्रहचित्रांवरून वादळाची ताकद ठरवण्याची पद्धत बसवली, ती तिला वाचायला सांगा. तिच्या प्रश्नचिन्हाचं बरंचसं उत्तर तिथे मिळेल.

आणि कमजोर म्हणजे किरकोळ नव्हे, हे आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. १३ ऑक्टोबर २०२० ला काकीनाड्याजवळ किनारा ओलांडलेली ती प्रणाली चक्रीवादळ झालीच नव्हती. वारा ताशी ६२ किलोमीटरच्या वर गेल्याशिवाय वादळाला नाव मिळत नाही. हिला मिळालं नाही. तेलंगणा, उत्तर कर्नाटक करत ती आपल्याकडे आली आणि १४ तारखेला सोलापूर-पंढरपुरात काय पाऊस झाला, भीमेला काय पूर आला, ते तुम्ही पाहिलंय. वाऱ्याची ताकद आणि पावसाचं प्रमाण एकमेकांना बांधलेलं नसतं. अशा प्रणालीकडे लक्ष द्यावंसं वाटणारी सोळा-सतरा वर्षांची मुलगी मला मोलाची वाटते.

एक मात्र सांगते. फवारणीचा निर्णय तिच्या वहीवर घेऊ नका. त्यासाठी हवामान विभागाचा सल्ला आणि शेतकऱ्यांना हवामान सल्ला देणारं मेघदूत ॲप आहे. तिच्या वहीवर फवारणीचा खर्च पडला तर ती मोकळेपणाने अंदाज लिहिणार नाही, आणि चुकीचे अंदाज लिहिल्याशिवाय हे शास्त्र येत नाही.

तुम्ही इस्रो आणि वादळं वेगवेगळी धरताय, तिथे मी सहमत नाही. १७ फेब्रुवारी २०२४ ला श्रीहरिकोट्याहून सुटलेला इन्सॅट-३डीएस हा हवामानाचाच उपग्रह. त्याचा खर्च पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने केला, त्याची उपकरणं इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्रात तयार झाली, आणि त्याची चित्रं वापरतो हवामान विभाग. चंद्रयान-३ उतरलं तो २३ ऑगस्ट आपण राष्ट्रीय अंतराळ दिन म्हणून साजरा करतो, करायलाच हवा, मला स्वतःला त्या दिवशी फार आनंद होतो. पण नान्नजच्या बागेला रोज उपयोगी पडणारं अवकाशविज्ञान म्हणजे हे उपग्रह. तिने भाषणात सांगितलं ते आणि वहीत काढलं ते, दोन्ही एकाच कामाचे भाग आहेत.

आता रस्ता. गणित सोडू देऊ नका. वातावरणशास्त्र म्हणजे भौतिकशास्त्र आणि गणित, वर संगणकाचं प्रोग्रामिंग. गणित ठेवूनही फार्मसीचा मार्ग बंद होत नाही. गणित सोडलं तर वातावरणशास्त्राचा मार्ग मात्र बंद होतो. बायोलॉजीचा ताण होत असेल तर तो विषय कमी करा.

बारावीनंतर मला सर्वांत सरळ वाटतो तो बीएस्सी फिजिक्सचा मार्ग. तो सोलापुरातही होतो, घरी राहून, कमी खर्चात. त्यानंतर पुण्याला विद्यापीठात ॲटमॉस्फेरिक सायन्सची एमएस्सी किंवा कोचीनला मेटिऑरॉलॉजीची, म्हणजे हवामानशास्त्राची. अभ्यासाची तयारी असेल तर आयसर पुणे ही केंद्राची विज्ञान संस्था, तिच्या प्रवेशासाठी आयएटी परीक्षा. तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अवकाशविज्ञान संस्थेत इस्रोशी जोडलेलं बीटेक आहे, पण प्रवेश जेईई ॲडव्हान्स्डवर. स्पर्धा कडक आहे, सगळा डाव त्या एका परीक्षेवर लावू नये.

नोकरीचं खरं सांगते. इस्रोत थेट भरती प्रामुख्याने इंजिनिअरांची होते. वातावरणशास्त्राची मुलं संशोधनाच्या वाटेने इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्रात किंवा तिरुपतीजवळच्या गादंकीच्या वातावरण संशोधन प्रयोगशाळेत जातात. हवामान विभागात सायंटिफिक असिस्टंटची पदं स्टाफ सिलेक्शन कमिशन भरतं, पण दरवर्षी नाही: २०१७ ला भरती झाली, मग २०२२ ला ९९० जागांची. मधली वर्षं हातात दुसरं काही हवं. म्हणून प्रोग्रामिंग. पवन आणि सौर ऊर्जेच्या कंपन्या, पीकविमा, खासगी हवामान संस्था यांना उपग्रहाची माहिती वाचता येणारी माणसं लागतात.

ही कामं लांबची वाटत असतील तर आठवा: २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आपल्या सोलापुरात रडार बसवून, विमानं उडवून ढगांत बीजारोपणाचा, म्हणजे कृत्रिम पावसाचा, प्रयोग केला. आपला भाग पर्जन्यछायेतला, म्हणून इथेच. २७६ ढग निवडले, काहींत बीज टाकलं, काही मुद्दाम तसेच सोडले, आणि दोन्हींचा पाऊस ताडून पाहिला.

तिच्या वहीतही असा ताळा हवा. अंदाज, त्यापुढे प्रत्यक्ष काय झालं, आणि फरक का पडला, असे तीन रकाने पाडायला सांगा. पहिली नोंद या ऑक्टोबरचीच: अंदाज सोलापूर, पाऊस बिदर, कारण ढगाचा मध्य केंद्र धरला. शेतात साधं पर्जन्यमापक लावून द्या; सकाळी साडेआठला पाणी मोजायचं, विभागाची वेळ तीच आहे.

विषय बदलण्याचा अर्ज कॉलेजात दिला असेल तर तो सोमवारी मागे घ्या. अकरावीचा निकाल लागला की तिलाच मला लिहू द्या. गणित आणि फिजिक्सचे गुण कळवले तर आयएटीची तयारी सोलापुरात करायची की पुण्यात, ते ठरवू.