शेवटचा शब्द कुणाचा?

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

हेड अ‍ॅथलेटिक ट्रेनर, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती आणि तब्येत सांभाळणाऱ्यांची प्रमुख, झालीस हे कळलं, फार आनंद झाला. पुण्यात फिजिओथेरपी करून अमेरिकेत गेलेल्या मुलीने विद्यापीठाचा अख्खा विभाग सांभाळावा, याचा मला अभिमान वाटतो. नेतृत्वावर काय वाचू, असं तू विचारलंस. वाचायला पुष्कळ आहे. पण आधी एक गोष्ट तपासून घे. तुझ्या ज्युनिअरने एखाद्या खेळाडूला बाहेर बसवलं आणि कोच भडकला, तर शेवटचा शब्द कुणाचा? विभागातल्या प्रत्येकाला याचं उत्तर झोपेतून उठवून विचारलं तरी देता आलं पाहिजे.

मेरीलँड विद्यापीठात काय झालं ते तुला माहीत आहे, तरी आता प्रमुख म्हणून ते पुन्हा वाच. २९ मे २०१८ रोजी अमेरिकन फुटबॉल संघाचा धावण्याचा सराव चालू होता. जॉर्डन मॅकनेअर, वय १९, धावता धावता ढासळत गेला. त्रास दिसू लागल्यापासून रुग्णवाहिकेसाठी फोन जाईपर्यंत सुमारे तास गेला. त्याचं तापमान मोजलं गेलं नाही, बर्फाच्या पाण्यात त्याला बुडवलं गेलं नाही, असं बाहेरच्या तज्ज्ञांनी केलेल्या चौकशीत नोंदवलं आहे. १३ जूनला तो गेला. उष्माघातात तापमान गुदद्वारातून मोजायचं, आधी गार करायचं आणि मगच हलवायचं, पहिल्या अर्ध्या तासात ताप उतरवला तर माणूस वाचतो, हे आपल्या पेशात शिकाऊ मुलांनाही शिकवलेलं असतं. मग ते मैदानावर का उतरलं नाही? मला हा प्रश्न व्यवस्थापनाचा वाटतो.

आणि नियम नव्हता असंही नाही. डॉक्टर आणि अ‍ॅथलेटिक ट्रेनर यांचा वैद्यकीय निर्णय कोचला फिरवता येणार नाही, असं एनसीएए या कॉलेजांच्या खेळांच्या अमेरिकन संस्थेतल्या पाच मोठ्या कॉन्फरन्सनी, म्हणजे विद्यापीठांच्या गटांनी, २०१६ मध्येच ठरवलं होतं. बिग टेन त्यातलीच, आणि मेरीलँड बिग टेनमधलं. नियम पुस्तकात असतो, पण माणूस बघतो की आपला पगार कुणाच्या हातात आहे. म्हणून पहिल्याच आठवड्यात तुझ्या ट्रेनरांचं अप्रेझल कोण लिहितं ते काढ. त्यात कोचचं मत धरलं जात असेल, तर ते थांबव. वेळ लागेल, वरच्यांशी वाद होईल, पण हा वाद टाळून बाकी कितीही सुधारणा केल्यास तरी त्या वरवरच्याच राहतील. ट्रेनरचा वरिष्ठ टीम फिजिशियन, म्हणजे संघाचा डॉक्टर, असावा, क्रीडा विभाग नसावा, असं माझं ठाम मत आहे.

सिद्धांतांचं म्हणशील तर दोन मला रोज उपयोगी पडले. संशोधक एमी एडमंडसन यांनी हॉस्पिटलांच्या वॉर्डांमध्ये औषधांच्या चुका मोजल्या. तो अभ्यास १९९६ मध्ये छापून आला. चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील असं त्यांना वाटलं होतं, पण निघाल्या जास्त, कारण तिथली माणसं चूक न लपवता सांगत होती. तेव्हा एखाद्या महिन्यात ‘जवळजवळ चुकलं होतं’ अशी एकही नोंद तुझ्या टेबलावर आली नाही, तर खूश होऊ नकोस. मुलं तुला घाबरू लागली आहेत का ते बघ.

दुसरा हर्सी आणि ब्लँचार्ड यांचा, १९६९ चा. माणूस त्या त्या कामात किती तयार आहे हे बघून सूचना द्यायच्या किंवा मोकळीक द्यायची. यातलं ‘त्या त्या कामात’ लोक विसरतात. बारा वर्षं घोटे बांधणाऱ्या ट्रेनरला टेपिंगमध्ये तू काय शिकवणार? पण बर्फाच्या टबात त्याने एकदाही कुणाला बुडवलेलं नसेल, तर त्या कामात तो नवखाच. तिथे पायरीपायरीने सांग, करून घे, परत करून घे. त्याला राग येईल. येऊ दे.

सेवाभावी नेतृत्व, प्रेरणेचे सिद्धांत वगैरे सवडीने वाच. मात्र सकाळी सहाच्या सरावाला आणि रात्रीच्या मॅचला एकाच माणसाची ड्युटी लावून त्याला सेवाभाव शिकवू नकोस.

एनएफएल या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या डॅमार हॅम्लिनची मॅच आठव. २ जानेवारी २०२३, सिनसिनाटी. हृदय बंद पडलं आणि मैदानावरच सीपीआर आणि शॉक देऊन त्याला परत आणलं. एनएफएलमध्ये प्रत्येक मॅचच्या तासभर आधी दोन्ही संघांची वैद्यकीय माणसं एकत्र बसतात आणि आणीबाणीत कोण काय करणार हे बोलून घेतात. तुझ्या मैदानावर हीच बैठक दहा मिनिटांत होते. पाहुण्या संघाच्या ट्रेनरला हाताने दाखव: एईडी (हृदयाला शॉक देणारं यंत्र) इथे, टब त्या कोपऱ्यात, रुग्णवाहिका उत्तरेच्या गेटने येईल, त्या कुलपाची किल्ली या मुलीकडे आहे, डोक्यावर हात आडवे केले की फोन करायचा. किल्लीवालीचं नाव ठरलेलं असू दे. ‘कुणीतरी उघडेल’ असं राहिलं की गेट बंदच सापडतं.

आता सगळ्यात अवघड. तुझ्या ज्युनिअरने डोक्याला मार लागला म्हणून मुलाला बसवलंय, कोच ओरडतोय, आणि तू तिथे पोहोचतेस. कोच लगेच तुझ्याकडे वळेल: ‘तू बघ ना, बरा दिसतोय की!’ त्या क्षणी मुलाला पुन्हा तपासू नकोस. ज्युनिअरच्या शेजारी उभी राहा आणि म्हण, ‘याने निर्णय दिलाय, आज तो खेळणार नाही.’ तू तिथे त्याचे डोळे तपासायला टॉर्च काढलास तर पुढच्या वेळेपासून त्या ट्रेनरचं कुणीही ऐकणार नाही, आणि तो स्वतः बसवायलाही कचरेल. काही शंका असेल तर दुसऱ्या दिवशी दार लावून बोल. उलट, त्याने खेळू दिलेला खेळाडू तुला ठीक वाटला नाही, तर बेधडक बाहेर काढ. बाहेर काढायचा हक्क सगळ्यांना, परत आत पाठवायचा ज्याने काढलं त्याला किंवा डॉक्टरला. हे कोचना सीझन सुरू होण्याआधी सांग, भांडणाच्या वेळी नको.

ऑगस्टमध्ये फुटबॉलचा कॅम्प आहे. त्याआधी हे सगळं एका पानावर लिहून काढ आणि मसुदा मला पाठव, मी त्याच दिवशी वाचून परत करीन. खाली मंजुरीची सही टीम फिजिशियनची घे. कोचच्या सहीलाही जागा ठेव, पण त्या जागेवर ‘वाचले’ एवढंच छाप.

तुझा,
सर