शटर ओढल्यावर काय होतं?

प्रश्न : आमच्या ह्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. दिवाळीला दारू सोडली, त्याला चार महिने झाले. पण चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. परवा नातवाचं बारसं झालं, तर हे कोपऱ्यात गप्प. सात वाजता गॅरेजचं शटर ओढलं की चिडचिड सुरू. नणंद म्हणते, 'पीत होता तेव्हा निदान बोलत तरी होता.' एका ओळखीच्या बाईंनी चहातून द्यायची पावडर दिली आहे. देऊ का?
– एक वाचक, फलटण

उत्तर : ताई, पावडर आधी फेकून द्या. अशा पुड्यांत काय असतं ते देणारालाही ठाऊक नसतं. डायसल्फिराम (दारूशी वाकडं असलेलं, दारू सोडवायचं औषध) निघालं आणि हे चुकून एक पेग प्यायले, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं.

आता शटरचं. स्वित्झर्लंडमध्ये मेंदूचे अभ्यासक वुल्फ्रम शुल्ट्झ यांनी माकडांवर प्रयोग केले होते. तोंडात रसाचा थेंब पडला की मेंदूतल्या डोपामिनच्या, म्हणजे ओढ लावणाऱ्या रसायनाच्या, पेशी जाग्या होत. मग रसाआधी खूण दाखवायला सुरुवात केली. काही दिवसांत पेशी रसाला सोडून खुणेलाच जाग्या होऊ लागल्या. आणि खूण दिसूनही रस आला नाही, तर ऐन त्या वेळेला एकदम गप्प. तुमच्या घरची खूण म्हणजे ते शटर; ते ओढलं की आता दारू, असं मेंदू अजून धरून बसलाय. माझी तंबाखू सुटून पंधरा वर्षं झाली, तरी कुणी चुन्याची डबी उघडली की माझा अंगठा तळहातावर फिरायला लागतो!

बारशातल्या गप्पपणाचं कारण थोडं वेगळं. दारू मेंदूत एंडॉर्फिन (बरं वाटायला लावणारं रसायन) आणि डोपामिन सोडायला लावते. रोजच असा लोंढा आला की मेंदू ते झेलणारे रिसेप्टर, म्हणजे पेशींवरच्या झेलायच्या जागा, कमी करतो. दारू थांबते, पण रिसेप्टर लगेच परत येत नाहीत. नातवाचा आनंद पोचतो, पण भिंतीपलीकडून रेडिओ ऐकू यावा तसा. ह्याला काही महिने लागतात, कधी त्याहून जास्त. तोवर नणंदबाईंना म्हणावं, जरा दमानं घ्या. मात्र झोप, जेवण उडालं किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलले, तर वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

ओढ फारच असेल तर नालट्रेक्झोनची गोळी असते. ती एंडॉर्फिनची जागा अडवते, म्हणजे दारूची मजा कमी होते. यकृताची तपासणी करून, डॉक्टरांच्या सल्ल्यानं आणि ह्यांना सांगूनच द्यायची, चहातून नाही.

आणि महिनाभर शटर मुलाला ओढू द्या. ह्यांना सहालाच घरी बोलवा, नातवाला आंघोळ घालायला.